बाकी पुढे ओढणाऱ्या काकूंना

ती. स्व. काकूंना,
शिरसाष्टांग नमस्कार.

समोर उभं राहून आभार मानायचा प्रयत्न मी भाऊबीज झाल्यावर केला होता. तुम्ही म्हणालात, "मशीन चालू आहे, काही ऐकू येत नाही." मशीन बंद होतं. तेव्हाच ठरवलं की हे लिहूनच काढायचं, आणि तेही चारचौघांत, म्हणजे तुम्हाला मला मधेच गप्प करता येणार नाही. तुमचं आणि छापखान्याचं नाव मात्र लिहीत नाही. "जाहिरात नको, आहे तेवढंच काम उरकत नाही," हे तुमचं ठरलेलं वाक्य मला पाठ आहे. पुण्याच्या नारायण पेठेतला एक छापखाना, एवढंच सांगते. ट्रेडल, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवून छापायचं जुनं मशीन, चालू असलेले छापखाने आता पेठेत कितीसे उरलेत! ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं माझ्याबद्दल. मी चित्रकार. रेखाटनं करते, लिनोवर कोरून छापचित्रं करते. गणपतीच्या आधीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत आमच्या धंद्याचा हंगाम. पावसाळ्यात दिवाळी अंकांची रेखाटनं, मग कंपन्यांची भेटकार्डं, मग कॅलेंडरं, मग कुठल्यातरी प्रदर्शनात भाड्याचं टेबल. वर्षाची निम्मी कमाई या तीन-चार महिन्यांत व्हायची. त्यामुळे दिवाळी माझ्या घरी होत असे, मला होत नसे. नरकचतुर्दशीला सासूबाई पाटाभोवती रांगोळी काढून पहाटेपासून हाका मारायच्या आणि मी "एवढी फाइल पाठवते आणि आलेच" म्हणत बसायचे. पाणी निवायचं. उटणं वाळायचं. मोती साबणाचा वास घरभर आणि मी कुरिअरवाल्याशी फोनवर.

यंदा ऑगस्टमध्ये एका कंपनीचा फोन आला. दरवर्षी भेटकार्डांचं सगळ्यात मोठं काम त्यांच्याकडून यायचं. "या वर्षी डिझाइन आम्ही इन-हाउस करतोय, मॅडम." इन-हाउस म्हणजे काय ते नंतर कार्ड पाहिल्यावर कळलं. संगणकाला सांगून चित्र काढून घेतलं होतं. पणतीला दोन्ही बाजूंनी चोच होती आणि ज्योत तेलाच्या मधोमध, वातीशिवाय जळत होती. हसू आलं, पण हसून घराचा हप्ता भरता येत नाही. त्यातच आधीच्या वर्षीचं त्यांच्याकडचं बिलही अजून यायचं होतं. दोन अंकांनी पानं कमी केली, म्हणजे ओघानेच चित्रं कमी केली. याची रडगाणी मी पुरेशी गायले आहे, इथे नको.

ठरवलं की आपली कार्डं आपणच छापायची आणि विकायची. चित्र मंडईचं. १८८६ साली रे मार्केट म्हणून उभी राहिलेली, मधला तो अष्टकोनी मनोरा, टोकदार कमानी, आणि खाली दिवाळीच्या आठवड्यात झेंडूचे ढीग घेऊन बसलेल्या बायका. लिनोत कोरून काढलं ते पांढरं आणि राखलं ते काळं, त्यामुळे मंडईसारखी इमारत फार छान उठते. लिनो म्हणजे जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा, तागाच्या कापडावर थापलेला. ऑक्टोबरच्या उन्हात पाच मिनिटं ठेवला की लोण्यासारखा कापला जातो. कोरण्यात मजा होती, छापण्यात नाही. घरी प्रेस नाही, म्हणून कागद ठोकळ्यावर ठेवून पाठीमागून चमच्याने घासायचं. एका कार्डाला दहा मिनिटं, आणि खांदा दुखतो तो वेगळाच. ऑफसेटवाल्याने कमीत कमी हजार कार्डांची ऑर्डर सांगितली. डिजिटल प्रिंट काढून पाहिली तर ती गुळगुळीत, मेलेली. लग्नपत्रिकांना क्रीज, म्हणजे घडीची रेघ, मारून देणाऱ्या एका मुलाने तुमचा पत्ता दिला आणि वर बजावलं, "एक ते चार जाऊ नका."

तुमच्या दारावरची पाटी मी आधी वाचली. "काय छापायचे ते ठरवूनच आत यावे. आत आल्यावर ठरवू नये." मी बाहेर उभी राहून खरंच एकदा मनाशी ठरवून घेतलं आणि मग पायरी चढले.

तुम्ही ठोकळा हातात घेतलात, चित्राकडे पाहिलंच नाहीत. आधी वास घेतलात. "जवस," म्हणालात. मग केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतून, एक खिळा, म्हणजे छापायचं एक सुटं अक्षर, काढलात, लोखंडी पाट्यावर ठोकळ्याशेजारी उभा केलात आणि डोळा पाट्याच्या पातळीला आणून बघितलंत. खिळ्याची उंची ठरलेली असते, साधारण २३.३ मिलिमीटर. त्याहून बुटकं असेल त्याला रूळ शाई लावणार नाही, उंच असेल तर कागद फाटेल. माझा लिनो पातळ लाकडावर चिकटवलेला होता. "हा बसलेला माणूस आहे, याला उभा करायला हवा," असं म्हणून तुम्ही मला सुताराकडे अठराची प्लाय आणायला पिटाळलंत. अठरा प्लायचे, तीन लिनोचे, उरलेले दोन पुठ्ठ्याचे आणि कागदाचे. कॉलेजात आम्हाला कंपोझिशन शिकवलं, दृश्यविचार शिकवला, पण चित्राला उंचीही असते हे कुणी सांगितलं नव्हतं.

पहिलं प्रूफ निघालं त्यात मनोरा काळाकुळकुळीत आणि खालच्या बायका फिक्या. मला वाटलं आता ठोकळा बिघडला. तुम्ही कपाटातून पतंगाचा कागद काढलात आणि त्याचे बारीक तुकडे ज्या भागात फिकं उठत होतं त्याच्या मागे, दाबाच्या पॅकिंगवर, खळीने चिकटवायला लागलात. मी मदत म्हणून कात्री पुढे केली तर म्हणालात, "कापायचं नाही, फाडायचं. कापलेल्याची कड उठते." फाडलेल्या कागदाची कड विरत जाते, म्हणून छापात रेघ दिसत नाही. एकेका झेंडूवालीच्या मागे तुम्ही असे दोन-तीन पदर लावलेत, प्रूफ काढलंत, चष्मा कपाळावर सरकवून बघितलंत, पुन्हा एक पदर. सगळी दुपार त्यात गेली. चारला उघडणारं दुकान तुम्ही त्या दिवशी दोनलाच उघडलं होतं, हे मी इथे जाहीर करते आहे. पेठेतल्या लोकांनी याची नोंद घ्यावी.

कागदावरून आपलं वाजलं. मी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद आणला होता. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला, १९४० पासून तिथे हे काम चालतं. जाड, खरबरीत, कडा न कापलेल्या. तुम्ही तो चिमटीत धरून विचारलंत, "हा कागद आहे की सोलापुरी चादर?" पण आदल्या रात्री ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवायची युक्तीही तुम्हीच सांगितलीत. ओलावलेल्या कागदात ठसा असा रुतला की बोटाने मंडईच्या कमानी मोजता याव्यात. खालची "शुभ दीपावली" ही अक्षरं तुमच्या खिळ्यांची. सोळा पॉइंट मापाचा "दी" सापडेना म्हणून दोन केस पालथ्या घातल्या होत्या.

मला दोन रंग हवे होते, शिवाय पणत्यांना सोनेरी. पाचशे कार्डं हवी होती. तुम्ही विचारलंत, "ओळखी किती तुझ्या?" मी आकडा सांगितला. "मग पाचशे कुणाला देणार? आणि दुसऱ्या रंगाला दुसरा ठोकळा, दुसरी छपाई, दुसरं वाळवण. काळ्यात काय कमी आहे?" दोनशेवर आणि एका रंगावर तोडलंत. त्या दोनशेतली विकायची शेवटची गड्डी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकवाल्याच्या गल्ल्याशेजारून उचलली गेली. पाचशे छापली असती तर तीनशे आज माझ्या पलंगाखाली असती.

आता मुख्य गोष्ट. तिच्यासाठीच हे पत्र.

पैशाचं कसं, हे विचारताना माझी जीभ अडखळली होती. दिवाळीनंतर देईन, हप्त्याने देईन, असं काहीबाही बोलत होते. त्या दिवसांत मला पुष्कळ लोक मदत करू पाहत होते. खोटं कशाला बोलू, सगळे मनापासून. एका मैत्रिणीने न विचारता पैसे पाठवले. एका नातेवाइकांनी "तुझं एखादं चित्र घेतो की" असं म्हणून चित्र न बघताच किंमत विचारली. मी सगळ्यांना धन्यवाद म्हटलं आणि प्रत्येक वेळी बोटभर बुटकी झाले. तुम्ही "राहू दे गं, दे कधीतरी" असं म्हणाला असतात तर मी ठोकळा उचलून निघून गेले असते. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. ड्रॉवरमधून लाल कापडी बांधणीची वही काढलीत, कोरं पान उघडलंत, वर माझं नाव लिहिलंत. आडनावासकट, स्पेलिंग विचारावं तसं ऱ्हस्व-दीर्घ विचारून. नावेच्या, म्हणजे देण्याच्या, बाजूला छपाईचा पूर्ण दर मांडलात. एक पैसा कमी केला नाहीत. मग पेन जमेच्या रकान्यावर नेऊन म्हणालात, "पापडमसाल्याचं एक लेबल करायचंय, गिऱ्हाइकाला चित्र हवंय. तुझा दर काय?"

मी घाबरून दर सांगितला. तुम्ही वहीतून मान वर केलीत. "एवढ्यात? मग तुझी ती कंपनी संगणकाकडे गेली यात नवल काय. स्वस्ताईत संगणक तुला हार जाणार आहे होय?" आणि जमेला माझ्या दराच्या दुप्पट आकडा लिहिलात. मला न विचारता. गिऱ्हाइकाकडून तो वसूलही केलात, हे मला त्या गिऱ्हाइकानेच नंतर सांगितलं, जरा कुरकुरत.

तेव्हापासून माझं तुमच्याकडे खातं आहे. कर्ज नाही, उपकार नाही, खातं. जमा आणि नावे. लेबल झालं, मग एका उदबत्तीवाल्याचं पाकीट झालं, मग तुमच्याच पावतीपुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी एक छोटा गणपती कोरला. त्याचेही तुम्ही रीतसर जमा धरलेत, मी कितीही नको म्हटलं तरी. "घरचं म्हणून फुकट केलंस तर उद्या बाहेरचंही फुकट करशील." दिवाळीच्या पाडव्याला नवी वही घातलीत, जुनीतली माझी बाकी नवीत पुढे ओढलीत आणि पानाच्या डोक्यावर श्री काढून कुंकवाचं बोट लावलंत. बँकेने मला आजवर पुष्कळ स्टेटमेंटं पाठवली, पण माझ्या देण्याला कुणी कुंकू लावलं नव्हतं.

तुमच्या मशीनच्या वरच्या भिंतीवर, शाईच्या डागांमध्ये, चित्रशाळेचं एक जुनं देवाचं चित्र आहे. कागद तांबूस पडलाय, काचेला तडा गेलाय. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढली आणि शिळाछापाची चित्रं घराघरात गेली. ज्यांना चितारी परवडत नव्हता त्यांच्याही भिंतीवर चित्र आलं. छापचित्राचा इतिहास शिकवताना आम्हाला युरोपातली नावं तोंडपाठ करायला लावली होती आणि हे पंधरा मिनिटांच्या अंतरावर होतं. वर्षानुवर्षं मी माझ्या छापचित्रांवर "१/२०", म्हणजे वीस प्रतींतली पहिली, असे आकडे घालत आले, कमी प्रती म्हणजे जास्त किंमत या हिशेबाने. मंडईच्या कार्डावर आकडा घातला नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं होतं. खरं उत्तर त्या तडा गेलेल्या काचेमागे होतं.

आणि तो तुमचा वसुबारसेचा नियम. "वसुबारसेला मशीन पुसून ठेवते. मग कुणाचं कितीही काम असो." रॉकेलचा बोळा घेऊन रूळ पुसता पुसता तुम्ही त्यामागची गोष्ट सांगितलीत. काका असताना छापखान्यात दिवाळी अंकांचे फर्मे, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचे गट, छापले जायचे. मराठीत १९०९ साली मासिक मनोरंजनने दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून सगळ्या महाराष्ट्राने फराळासोबत वाचायची सवय लावून घेतली. ती सवय पुरवायला पेठांमधले छापखाने रात्र रात्र जागत. कंपोझिटर शाईच्या हातांनी चिवडा खायचे, संपादक शेवटच्या फर्म्यात दुरुस्त्या करायचे, तुमची मुलं कागदाच्या रिमांवर झोपायची. "लोकांची दिवाळी अंकाने सुरू व्हायची, आमची तुळशीच्या लग्नाला," असं म्हणालात. अंकांची कामं ऑफसेटकडे गेली, पोटावर पाय आला, आणि तुम्ही पहिला नियम हा केलात. आता नंबरिंग, परफोरेशन, क्रीजिंग, डाय पंचिंग असल्या आकडे टाकायच्या, भोकं-घड्या पाडायच्या कामांवर मशीन चालतं, पण वसुबारस ते भाऊबीज त्याच्यावर चादर असते.

या नियमामुळे माझंही काम वसुबारसेला संपलं. करण्यासारखं काही उरलंच नाही.

यंदा आम्ही साधी दिवाळी केली. कुणी याला तत्त्व वगैरे समजू नये, खिशाकडे बघून केली. साधेपणाचं कौतुक करायला आधी पोट भरलेलं लागतं हे मला कळतं, आणि वर्तमानपत्रांतून साधेपणाचे सल्ले देणारे लोक सहसा चारचाकी पार्किंग असलेल्या सोसायटीत राहतात. तरीही जे झालं ते सांगते. बुरूड आळीतून कामट्या आणल्या. सासूबाईंनी कणकेची खळ शिजवली, किडे लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचुदाचा खडा टाकला आणि भांडं वेगळं ठेवा म्हणून घर डोक्यावर घेतलं. नवऱ्याने कामट्या सुतळीने बांधल्या. कंदील झाला अष्टकोनी, पण जरा एका खांद्याने वाकडा. पतंगाचा कागद तुमच्याकडचाच उरलेला. कंदिलाला कागदाच्या करंज्या लावताना सासूबाई म्हणाल्या की त्यांनी हे काम लग्नाआधी शेवटचं केलं होतं, आणि मला एक बाजूही चिकटवू दिली नाही.

फराळाला बेसनाचे लाडू आणि चिवडा, बस्स. बाकी शेजारून ताटं येतातच, आणि आली. परत पाठवताना ताटात लाडू-चिवडा आणि एक मंडई. स्टीलचे डबे नाहीत, चॉकलेटचे खोके नाहीत. तळमजल्यावरच्या पोरांनी किल्ला केला होता, त्यावर हळीव उगवून आला होता. त्यांना मी लिनोच्या उरलेल्या तुकड्यांतून एक दरवाजा कोरून दिला. तो त्यांनी उलटा लावला. दिवाळी अंक विकत घेतले नाहीत, वाचनालयाच्या योजनेत नाव घातलं आणि दुपारी पायाखाली उशी घेऊन वाचले. दुसऱ्यांची रेखाटनं न कुढता बघितली. नरकचतुर्दशीला पहिल्या हाकेला उठले. सासूबाईंना ते इतकं अनपेक्षित होतं की पाणीच तापलं नव्हतं.

पुढच्या वर्षी कामं आली तर घेईन, पैसे हवेतच. कंपनीने बोलावलं तर दुप्पट दर सांगेन आणि ते परत संगणकाकडे जातील, जाऊ देत. पण वसुबारसेनंतरचं काम घेणार नाही. ही तुमची अट मी माझ्याही अटींत छापून घेतली आहे, तुमच्याच मशीनवर, बारा पॉइंटमध्ये.

आता एक कामाचं. मधल्या रुळाला खाच पडली आहे. काळ्या भागात डावीकडे जी बारीक पांढरी रेघ येते ती त्यामुळे, हे तुम्हालाही दिसतंय आणि तुम्ही "कागदाचा दोष" म्हणून टाळताय. रूळ नव्याने ओतून घ्यायला हवा. मी चौकशी केली आहे, तुळशीच्या लग्नाच्या आत होईल. निम्मा खर्च माझा. फुकट नाही, जमेला धरा आणि पुढच्या छपाईतून वळते करून घ्या. नव्या वर्षाचं कॅलेंडर बारा ठोकळ्यांचं आहे, पहिले दोन कोरून झालेत, प्लाय अठराचीच घेतली आहे. सोमवारी चारनंतर येते.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
पान क्रमांक ४१ वरची खातेदार